'ओके'चं मूळ आणि 'ओक्के'चं कूळ: एका इंग्रजी शब्दाचा माग काढायच्या पायऱ्या

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. सातारकरांना नदीचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी कृष्णा डोळ्यांनी दिसते. शब्दाचं तसं नसतं. तो कुठून निघाला हे दिसत नाही, पण त्याची एक गोष्ट मात्र ज्याला त्याला ठाऊक असते. 'ओके' हा त्यातला सगळ्यात चकवणारा शब्द. दहिवडीच्या बाजारात, कुपवाडच्या कारखान्यात, कराडच्या कॉलेजात, एस.टी.च्या चौकशी खिडकीत तो येता-जाता कानावर पडतो. अर्थ विचारला तर प्रत्येकजण म्हणतो, "त्यात काय, ओके म्हणजे ओके." मूळ विचारलं की पाच जण पाच गोष्टी सांगतात.

भाषेचा प्रकल्प हाती घेतलेले विद्यार्थी, शाळेत भाषा शिकवणारे आणि नुकतंच भाषांतर करू लागलेले यांच्यासाठी हा लेख आहे. बोलीतल्या इंग्रजी शब्दाचे अर्थ कसे वेगळे काढायचे, त्याचं मूळ कसं तपासायचं आणि आपल्याकडे येऊन त्याचं काय झालं हे कसं नोंदवायचं, एवढं यात आहे. नमुना 'ओके'चा घेतला आहे, कारण याच्या मुळाचा तपास पूर्ण झालेला आहे. पहिल्यांदा काम करताना उत्तर माहीत असलेलं गणित सोडवावं, म्हणजे आपली रीत कुठे चुकते ते कळतं.

हाताशी काय हवं

- पोस्टकार्डाच्या आकाराची १०० कोरी कार्डं. वही नको, वहीतली पानं पुढेमागे लावता येत नाहीत, कार्डं पत्त्यांसारखी पसरून गटात लावता येतात.
- कार्डं ठेवायला एक खोका आणि गट वेगळे करायला जाड कागदाच्या पट्ट्या.
- इंटरनेट चालणारा फोन. मोठा पडदा मिळाला तर जुनी वर्तमानपत्रं वाचायला सोपं जातं.
- इंग्रजीचा एक चांगला मोठा कोश. ऑक्सफर्डचा मोठा कोश वर्गणी भरून वाचावा लागतो, म्हणून आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा.
- मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात दोन्ही मोफत शोधता येतात.
- तीन आठवडे. पहिला आठवडा ऐकण्याचा, दुसरा कोशांचा आणि जुन्या कागदांचा, तिसरा लिहिण्याचा.

पायरी १: आधी अर्थ वेगळे करा, मुळाच्या मागे लागू नका

नवखा माणूस पहिल्याच दिवशी 'ओकेचं पूर्ण रूप काय' असं शोधतो आणि तिथेच फसतो. समोर येतात त्या गोष्टी, आणि एकदा गोष्ट आवडली की पुढचा सगळा पुरावा माणूस तिच्या बाजूने वाचू लागतो. म्हणून पहिला आठवडा फक्त कान उघडे ठेवा.

अर्थ वेगळे करायची एक सोपी रीत आहे. वाक्यातून 'ओके' काढा आणि तिथे चपखल बसेल असा मराठी शब्द ठेवा. जितके वेगवेगळे शब्द लागतील तितके अर्थ.

"उद्या सकाळी सातला या." "ओके." इथे 'बरं' किंवा 'चालतंय' बसतं.

"पिक्चर कसा होता?" "ओके होता." इथे 'ठीकठाक', 'बेताचा'.

"पडलास का रं? ओके हाईस न्हवं?" इथे 'बरा आहेस ना', 'लागलं नाही ना'.

"साहेबांनी बिल ओके केलं." इथे 'मंजूर'.

"मोटर ओके करून द्या." इथे 'दुरुस्त', 'चालू'.

"ओके, आता पुढचा मुद्दा." इथे 'असो', 'बरं तर'.

"ओके?" असा आवाज चढवून, म्हणजे 'कळलं का?'

"वरून ओके आलं का?" इथे तो चक्क नाम झाला: 'होकार', 'मंजुरी'.

आता ही यादी परत वाचा आणि 'बरं' कुठे कुठे चालतं ते बघा. होकाराला 'बरं' चालतं. बेताच्या पिक्चरला 'बरा होता' चालतं. पडलेल्या पोराला 'बरा आहेस ना' चालतं. विषय बदलायला 'बरं, मग' चालतं. म्हणजे 'ओके'ची निम्मी कामं आपला 'बरं' आधीपासून करत होता. पण 'बिल बरं केलं' कोणी म्हणत नाही. माणूस बरा होतो, मोटर बरी होत नाही. ही रिकामी जागा 'ओके'ने व्यापली आणि तिथून तो बाकीच्या वाक्यांतही हातपाय पसरू लागला. परका शब्द आपल्या भाषेत का टिकला, याचं उत्तर बहुतेक वेळा अशा रिकाम्या जागेत असतं. ती जागा सापडली की निम्मं काम झालं.

पायरी २: कार्ड भरण्याची शिस्त

एका कार्डावर एकच वापर. त्यावर या गोष्टी याच क्रमाने लिहा:

- पूर्ण वाक्य, जसं कानावर पडलं तसं. 'हाय'चं 'आहे' करू नका, 'समदं'चं 'सगळं' करू नका.
- त्याच्या आधीचं समोरच्याचं वाक्य. हे नसेल तर 'ओके'चा अर्थ ठरवताच येत नाही.
- तारीख आणि ठिकाण.
- बोलणाऱ्याचं अंदाजे वय, तालुका, काम. नाव लिहायचं नाही.
- आवाज: सपाट, चढता, की लांबवलेला.
- मराठी प्रतिशब्द.

नमुन्यादाखल एक कार्ड असं दिसेल: 'सांजच्याला ओके करून ठिवतो.' / 'गाडी कधी मिळंल?' / त्या दिवशीची तारीख, वडूज, गॅरेज / पन्नाशीचा मिस्त्री / सपाट आवाज / दुरुस्त.

किमान ५० कार्डं भरा. साताऱ्यात पोवई नाका आणि राजवाड्याचा परिसर, सांगलीत गणपती पेठ आणि मार्केट यार्ड, शिवाय दोन्हीकडची एस.टी. स्टँडं ही ऐकायला उत्तम ठिकाणं आहेत, कारण तिथे गावोगावची माणसं येतात. पण सगळी कार्डं एकाच ठिकाणची नकोत. कॉलेजच्या कट्ट्यावरची ५० कार्डं म्हणजे एकाच वयाच्या पोरांची भाषा.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. परवानगी मागितली की माणूस जरा सावरून, पुस्तकी बोलतो ही अडचण आहेच. त्यावर उपाय म्हणजे रेकॉर्डिंगचा नाद सोडून ऐकल्याबरोबर कार्ड भरणं. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वाक्यात तुमची स्वतःची भाषा मिसळते, म्हणून पाच मिनिटांच्या आत लिहा.

व्हॉट्सअॅपवरच्या 'ओके'चा गट वेगळा ठेवा. 'ओके', 'ओक्केएए', 'ओके ओके' आणि नुसतं 'के' यांचं वजन एकसारखं नसतं. नुसतं 'के' पाठवलं तर वडीलधाऱ्यांना ते तोडून टाकल्यासारखं वाटतं. मित्रामित्रांत त्याचं काही वाटत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेल्या गोलाची खूणही याच गटात घाला. ती जगभर एकाच अर्थाची नाही: जपानात ती पैशांची खूण आहे आणि ब्राझीलमध्ये अपमानकारक.

पायरी ३: कोश कोणत्या क्रमाने उघडायचे

बहुतेकजण जो कोश आधी सापडेल तो उघडतात. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्यांदा असा इंग्रजी कोश घ्या, जो प्रत्येक अर्थाखाली तारखेसह उदाहरणं देतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश तसा आहे. बोलीतल्या शब्दांसाठी ग्रीनचा स्लँगकोश, तीन जाड खंडांचा, २०१० मध्ये निघाला. आता तो इंटरनेटवर वाचता येतो. यात अर्थ आणि उगम वाचून पान बंद करू नका. खाली उतरत्या ओळींत जी वर्षं दिली आहेत तीच खरी कमाई आहे. कोणता अर्थ आधी आला आणि कोणता मागून, हे त्या वर्षांवरूनच कळतं.

त्यानंतर मराठी कोश. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची. दाते-कर्व्यांचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले. तिथे 'ओके' शोधताना तुम्हाला 'ओक' आणि 'ओकणे' भेटेल, म्हणजे वांती. इथे एक नियम पक्का करून ठेवा: उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. दोन भाषांतल्या दोन शब्दांचा आवाज योगायोगाने सारखा असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

शब्दाचा प्रवास उलट्या दिशेने झाला असेल, म्हणजे आपल्याकडून इंग्रजीत, तर यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश बघा. 'पक्का' हा शब्द इंग्रजीत 'अस्सल' या अर्थाने कसा रुळला ते तिथे सापडेल.

पायरी ४: जुना कागद गाठा

ही पायरी सगळ्यात रसाळ आहे, म्हणून तिला वेळ द्या.

'ओके'चा सापडलेला सगळ्यात जुना छापील वापर २३ मार्च १८३९ चा आहे, अमेरिकेतल्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रातला. संपादक होते चार्ल्स गॉर्डन ग्रीन. मजकूर कुठल्या मोठ्या घटनेचा नाही. दुसऱ्या गावच्या संपादकाची थट्टा करणारं एक चुरचुरीत टिपण आहे. त्यात 'ओ. के.' अशी बारीक अक्षरं छापून लगेच पुढे 'ऑल करेक्ट' असा खुलासा केला आहे. हा खुलासा नीट बघा. वाचकाला शब्द माहीत असता तर संपादकाने तो उकलून सांगितला नसता. शब्द नवा आहे हे त्या दोन शब्दांवरूनच कळतं.

आता प्रश्न पडेल की 'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरं 'ए. सी.' व्हायला हवीत, 'ओ. के.' कशी? इथे आजूबाजूचा कागद वाचावा लागतो. त्या काळात बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची अशी एक लाट आली होती. 'ऑल राइट'ला 'ऑल'चा ओ आणि 'राइट'चा चक्क डब्ल्यू घेऊन 'ओ. डब्ल्यू.' म्हणत. 'नो गो'ला 'के. जी.', 'नो यूज'ला 'के. वाय.', कारण 'नो' हा शब्द के-पासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या 'नो'सारखा लिहायचा. तसंच 'ऑल'ला ओ आणि 'करेक्ट'ला के. 'सगळं बरोबर' हेच चुकीच्या स्पेलिंगमध्ये सांगण्यात त्यांना गंमत वाटत होती.

ही सगळी भावंडं मेली, 'ओके' एकटा जगला. त्याचं कारण १८४० ची अमेरिकेची निवडणूक. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन न्यू यॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत. त्याचीही आद्याक्षरं ओ. के. त्यांच्या समर्थकांनी 'ओ. के. क्लब' काढले आणि घोषणा गावोगावी गेली. विरोधक कशाला मागे राहतील? त्यांनी प्रचार केला की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, 'ऑल करेक्ट'च्या ऐवजी ते कागदांवर 'ओ. के.' लिहायचे. व्हॅन ब्यूरन विल्यम हेन्री हॅरिसन यांच्याकडून हरले. शब्द मात्र घरोघरी पोचला.

हा सगळा माग कोलंबिया विद्यापीठातले अॅलन वॉकर रीड यांनी काढला आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात लेखमालेने मांडला. तोवर १२० वर्षं लोक अंदाजच बांधत होते. रीड यांनी नवी गोष्ट सांगितली नाही, त्यांनी वर्तमानपत्रांची पानं तारखेने लावली.

तुम्ही स्वतः जुनी वर्तमानपत्रं शोधणार असाल तर अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह मोफत आहे आणि वर्षांची मर्यादा घालून शोधता येतो. त्यात या चुका हमखास होतात:

- नुसतं 'ओके' टाकलं की कचऱ्याचा ढीग येतो. छापील पान संगणकाने वाचताना 'सी' आणि 'जी'चं 'ओ' होतं, 'आर'चं 'के' होतं. म्हणून सोबत 'ऑल करेक्ट' हे शब्दही टाका.
- माणसांची आद्याक्षरंही येतात. 'ओ. के. अमुक' हा शब्दाचा पुरावा नव्हे.
- गूगलच्या पुस्तकांतल्या शब्दांचा आलेख काढताना मोठ्या अक्षरांतला 'ओके' घेतला तर ओक्लाहोमा राज्याचं टपालाचं दोन अक्षरी चिन्हही त्यात मोजलं जातं. ही दोन अक्षरी चिन्हं १९६३ मध्ये आली. त्यानंतरचा चढ शब्दाचा की पत्त्यांचा, हे नुसत्या आलेखावरून सांगता येत नाही.
- पान उघडून डोळ्यांनी वाचल्याशिवाय कार्ड भरू नका. शोधाच्या यादीत दिसणारी ओळ हा पुरावा नाही.

पायरी ५: गोष्टींना तीन चाळण्या लावा

'ओके'च्या उगमाच्या गोष्टी एका कागदावर लिहून काढा. रणांगणावरून 'शून्य ठार', इंग्रजीत 'झीरो किल्ड', असा निरोप यायचा आणि शून्य 'ओ'सारखं दिसतं, म्हणून ओके. ओरिन केंडल नावाची बिस्किटं सैनिकांना मिळायची, म्हणून ओके. तारखात्याचं चिन्ह होतं. ओबडाया केली नावाचा रेल्वेचा कारकून पार्सलांवर सही करायचा. ग्रीक भाषेत 'ओला काला' म्हणजे सगळं छान. अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांच्या भाषेत 'ओके' म्हणजे 'असंच आहे'. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत असाच एक होकाराचा शब्द आहे.

पहिली चाळणी तारखेची. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार. 'शून्य ठार' आणि बिस्किटं या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या. शब्द त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी छापून आला आहे. बाद. मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार १८४४ ची, म्हणून तारखात्याची गोष्टही बाद. तारखात्याने शब्द पसरवायला मदत केली, पण पसरवणं वेगळं आणि जन्म देणं वेगळं. नवखे लोक या दोन गोष्टींची गल्लत फार करतात.

दुसरी चाळणी साखळीची. ग्रीक, चॉक्टॉ किंवा वोलोफ शब्दापासून १८३९ च्या बोस्टनपर्यंत येणारे मधले टप्पे कागदावर दाखवता येतात का? येत नाहीत. अध्यक्ष वुड्रो विल्सन चॉक्टॉच्या गोष्टीवर विश्वास ठेवून कागदांवर 'ओकेह' असं मुद्दाम वेगळं स्पेलिंग लिहायचे. ते १९१३ ते १९२१ या काळात अध्यक्ष होते, म्हणजे शब्दाच्या जन्मानंतर पाऊण शतकाने. मोठ्या माणसाने मानलं एवढ्याने पुरावा होत नाही.

तिसरी चाळणी भावंडांची. खरं उत्तर शेजारचे शब्दही उलगडतं. चुकीच्या स्पेलिंगच्या लाटेने 'ओ. डब्ल्यू.', 'के. जी.', 'के. वाय.' हे सगळे एका फटक्यात समजतात. पार्सलवाल्या कारकुनाची गोष्ट फक्त 'ओके'पुरती असते, बाकीचे शब्द तसेच लोंबकळत राहतात.

आणखी एक खड्डा आहे. टेनेसीतल्या १७९० च्या एका कोर्टाच्या नोंदीत 'ओ. के.' आहे असा दावा बरीच वर्षं चालला. नीट पाहिल्यावर ती अक्षरं 'ओ. आर.' निघाली, म्हणजे 'नोंद करण्याचा हुकूम'. आपल्याकडे मोडी कागद चाळलेल्यांना हे लगेच पटेल. धावत्या हातात दोन अक्षरं एकमेकांसारखी दिसली की अख्खा अर्थ फिरतो. हस्तलिखितावर विसंबून तारीख मागे नेण्याआधी त्या लिपीच्या जाणत्या माणसाला दाखवा.

सरावासाठी ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' घ्या. सातारा-पुणे रस्त्यावर अर्धा तास उभं राहिलं तरी दिसेल. यातला 'ओके' दुसऱ्या महायुद्धात रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांचा इशारा होता असं कोणी सांगतं, कोणी साबणाची जाहिरात सांगतं, कोणी 'ओव्हरटेक'चा अवशेष सांगतं. प्रत्येक गोष्टीला तिन्ही चाळण्या लावून कार्डावर लिहा. हाती ठोस तारीख एकच लागेल: महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ही अक्षरं गाड्यांवर लिहायला बंदी घातली, कारण त्यामुळे उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. उगमाच्या रकान्यात 'पुरावा सापडला नाही' असं लिहिणं ही कमतरता नव्हे, तेच त्या कार्डाचं बरोबर उत्तर आहे.

पायरी ६: आपल्याकडे येऊन शब्दाने काय केलं ते नोंदवा

प्रकल्प तपासणारे इथे थांबून वाचतात, कारण बोस्टनची माहिती कुणीही काढू शकतो. माणदेशाची तुम्हीच काढायची आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात 'ओके मधी हाय' किंवा 'ओक्केमदी हाय' हा वापर ऐकायला मिळतो. शेजारच्या सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं जून २०२२ मधलं फोनवरचं बोलणं राज्यभर गाजलं आणि झाडी, डोंगार, हाटील यांच्याबरोबर 'ओक्के'ही सगळ्यांच्या तोंडी बसला. नंतर लोकांनी ते वाक्य आपापल्या परीने वळवून म्हटलं, छापणाऱ्यांनीही वेगवेगळं छापलं. कार्ड भरायचं असेल तर मूळ ध्वनिफीत तीनदा ऐका आणि ऐकलेलंच लिहा.

यात व्याकरणाची खरी मौज आहे. इंग्रजीत 'ओके'च्या आत कोणी राहत नाही. तिथे ते विशेषण आहे. मग मराठीत 'मधी' कुठून आलं? आपण 'कसं काय?' याला 'मजेत', 'सुखात', 'झोकात', 'आनंदात' असं उत्तर देतो. माणूस बऱ्या अवस्थेत असला की मराठी त्याला त्या अवस्थेच्या आत ठेवते. 'ओके'लाही तीच चौकट मिळाली आणि 'मजेत हाय'च्या शेजारी 'ओकेमधी हाय' जाऊन बसलं. 'क'चं द्वित्वही आपलंच. 'पक्का', 'नक्की', 'चोख्ख' म्हणताना जसा जोर देतो तसा 'ओक्के'वर. शब्द परका, चाल गावची.

दुसरं ठिकाण कारखाने. सातारा, मिरज, कुपवाडच्या एमआयडीसी आणि किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी, इथल्या यंत्रशाळांत 'ओके'ला नेमकी किंमत आहे. समजा २५ मिलिमीटरचा दांडा घडवायचा आहे आणि दोन्ही बाजूंना ०.०२ मिलिमीटरची सूट आहे. मायक्रोमीटरवर २४.९८ ते २५.०२ च्या आत आला तर पीस ओके, २५.०३ आला तर नाही. मधलं काही नाही. पाळीच्या सुरुवातीला 'फर्स्ट पीस ओके' झाल्याशिवाय पुढचं उत्पादन सुरू होत नाही. ओके मालाला हिरवी चिठ्ठी, परत काम लागणाऱ्याला पिवळी, बाद मालाला लाल, अशी रीत बऱ्याच ठिकाणी असते. ओकेच्या उलट शब्द 'एनजी', म्हणजे 'नो गुड'.

आता हे कार्ड 'पिक्चर ओके होता'च्या कार्डाशेजारी ठेवा. एकीकडे शंभर टक्के पास, दुसरीकडे जेमतेम पास. दिवसभर हिरव्या चिठ्ठ्या लावणारा कामगार घरी जेवताना "भाजी ओके आहे" म्हणाला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? घरच्यांना तो लगेच कळतो, कारण त्यांनी आवाज ऐकलेला असतो. कार्डावर आवाजाची नोंद ठेवा असं वर सांगितलं ते याचसाठी. 'ओके'ला स्वतःची चव फार कमी आहे. समोरचा प्रश्न आणि आवाज मिळूनच त्याचा अर्थ ठरतो.

शब्द दोनदा म्हटला की तो आणखी उतरतो, हेही नोंदवा. 'ओके-ओके होता' म्हणजे 'ओके होता'पेक्षा खाली. पण 'लाललाल'मध्ये रंग वाढतो. द्विरुक्ती कुठे वाढवते आणि कुठे कमी करते, यावर एक वेगळी टिपणी सहज होईल.

पायरी ७: लिहून काढा

कार्डं जमिनीवर पसरा. आधी अर्थाप्रमाणे गट करा, मग प्रत्येक गट तारखेने लावा. ज्या गटात तीनपेक्षा कमी कार्डं आहेत त्यावर ठाम विधान करू नका.

लिखाणाचा क्रम असा ठेवा: आजचे अर्थ, मग उगम, मग बाद झालेल्या गोष्टी कारणांसह, शेवटी स्थानिक वापर. बाद गोष्टी वगळू नका. वाचणाऱ्याच्या मनात त्यातली एखादी आधीच असते. तिचं नाव घेऊन ती का टिकत नाही हे सांगितलं नाही, तर तो तुमचं उत्तरही आणखी एक गोष्ट म्हणूनच वाचेल.

'पहिला वापर' असं कधीच लिहू नका. 'आजवर सापडलेला सगळ्यात जुना लेखी वापर' असं लिहा. बोलण्यात शब्द आधीही असू शकतो, आणि उद्या कोणी आणखी जुनं पान काढू शकतं.

दुसऱ्या शब्दासाठी सोपा आणि जवळचा हवा असेल तर इंग्लंडच्या बोलीतला 'डूलॅली' घ्या. अर्थ 'डोकं फिरलेला'. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तिथल्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सैनिक थांबायचे. त्याचं जुनं पूर्ण रूप 'डूलॅली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. पहिलं कार्ड मोल्सवर्थमधल्या 'ताप' या नोंदीपासून भरा.